नऊ नोव्हेंबरची नोंद

"विष्णुपंत, इथं तर मुलगी लिहून आहे," अंबादास म्हणाला आणि त्याने ते जाडजूड रजिस्टर खिडकीच्या फळीवर उलटं फिरवून ठेवलं. अंबादास जबलपूरच्या नगरपालिकेत जन्ममृत्यूच्या नोंदी सांभाळी, विष्णुपंत डिप्टी कमिशनरच्या कचेरीतली रेकॉर्डची खोली. दोघांची तीस वर्षांची ओळख, त्यामुळे विष्णुपंत रांगेत उभे राहिले नव्हते. चांगले ऐटीत आले होते. खिडकीपाशी येताच त्यांनी घडाघडा सांगितलं होतं, "नऊ नोव्हेंबर, एकोणीसशे चौदा. हनुमानताल. बापाचं नाव माझंच. उतारा काढून दे बाबा, श्रीपादच्या अर्जाला लावायचा आहे." आणि आता अंबादासचं शाईनं माखलेलं बोट एका रकान्यावर टेकलं होतं. तारीख बरोबर, मोहल्ला बरोबर, बापाचं नाव, जात, धंदा सगळं बरोबर. लिंग: स्त्री. मुलाचं नाव तिथं नव्हतंच. जन्माची वर्दी बारशाच्या आधी द्यायची, म्हणून त्या रजिस्टरात नावाला रकानाच नव्हता. "असं कसं?" विष्णुपंत म्हणाले. खरोखरच म्हणाले, नाटक करून नव्हे. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, परत लावला आणि परत वाचलं. अरे देवा, ही तर जया.

नऊ नोव्हेंबर हा जयाचा, श्रीपादच्या धाकट्या बहिणीचा, जन्मदिवस होता. श्रीपादचा नव्हता, कधीच नव्हता. श्रीपाद झाला आदल्या वर्षीच्या आषाढात, तिकडे सिहोऱ्याला, बायकोचं पहिलं बाळंतपण माहेरी म्हणून. हे त्यांना ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे! त्यांनीच तर हे सगळं जुळवलं होतं. पण एकोणीस वर्षं शाळेचे दाखले, फीमाफीचे अर्ज, मॅट्रिकचा फॉर्म, कॉलेजचा फॉर्म, सगळीकडे नऊ नोव्हेंबर लिहून लिहून ती तारीख त्यांच्या हाताला श्रीपादचीच वाटायला लागली होती. चोर चोरी करतो तेव्हा निदान माल कुणाचा हे तरी लक्षात ठेवतो. विष्णुपंत तेवढंही विसरले होते. अंबादास त्यांच्याकडे पाहत होता. मागे रांगेतला एक शेंगदाण्याचा व्यापारी खोकत होता. विष्णुपंतांनी खिडकीची फळी दोन्ही हातांनी धरली.

नागपूरहून आलेली जाहिरात त्यांना तोंडपाठ होती. नायब तहसीलदारीची परीक्षा. उमेदवार प्रांताचा रहिवासी असावा, पदवीधर असावा, चारित्र्याचे दोन दाखले असावेत, प्रकृती धडधाकट असावी. आणि एक ऑगस्ट एकोणीसशे एकोणचाळीस रोजी त्याला पंचवीस वर्षं पुरी झालेली नसावीत. ज्याचा जन्म नगरपालिकेच्या हद्दीत झाला असेल त्याने जन्माच्या नोंदीचा उतारा जोडावा. हे शेवटचं कलम यंदा नवीन घातलेलं होतं. श्रीपादच्या मॅट्रिकच्या दाखल्यावर जन्मस्थान जबलपूर होतं, कारण तेही विष्णुपंतांनीच तारखेला जुळेल असं लिहिलं होतं. कागदाप्रमाणे पोरगा ऑगस्टात चोवीस वर्षं नऊ महिन्यांचा. खरं पाहिलं तर सव्वीस पुरी. पुढच्या वर्षी कागदावरचंही वय उलटून जाणार. म्हणजे हीच खेप, यानंतर नाही. अर्ज पोचायची शेवटची तारीख एकतीस मार्च, आणि आज एकवीस झाली होती.

"लिहिणाऱ्या मुहर्रिरनं त्या वेळी गडबड केली असेल," अंबादास हळूच म्हणाला. त्याला खरं काय ते कळलं होतं की नव्हतं, कोण जाणे. माणूस भला होता. "होतं असं. शपथेचा हलफनामा करून द्या, मॅजिस्ट्रेटसमोर. की इथं चुकून स्त्री लिहिलं, मुलगाच होता, आणि आम्हाला दुसरं अपत्य नाही. वहिनींनाही घेऊन जा, आईची जबानी पक्की धरतात. मग मी शेरा मारून उतारा देतो. काहून घाबरून राहिले तुम्ही?" विष्णुपंतांना वाटत होतं, यानं खडसवावं. म्हणावं, पंत, तीस वर्षं दुसऱ्याचे कागद तपासून राहिले आणि हे काय? पण अंबादासने दौतीला बूच लावलं, रजिस्टर मिटलं आणि पुढच्या माणसाला हाक मारली, "हां भैया, बोलो."

ते परत कचेरीत गेले नाहीत. चालत सुटले. सदरकडच्या रस्त्याने बैलगाड्या परत चालल्या होत्या. त्रिपुरीचं काँग्रेस अधिवेशन आटोपून दहा दिवस झाले तरी त्याचे बांबू आणि तट्टे अजून वाहिले जात होते. त्यांनी जयाचा चेहरा आठवायचा प्रयत्न केला. आठवेना. पुन्हा पुन्हा श्रीपादचाच लहानपणचा चेहरा समोर येई, त्याला झबलं घातलेलं. पोरगी चार वर्षं, चारला एक महिना कमी, त्यांच्या घरात वावरली होती, त्यांच्या ताटात जेवली होती, आणि तिचं नाक कसं होतं ते त्यांना सांगता येत नव्हतं. एवढं मात्र आठवत होतं की ती बोलताना शब्दाच्या आधी थोडा श्वास घेई, मोठ्या माणसासारखी, आणि घरातले सगळे हसत. आणि तिचं वजन आठवत होतं. दोन्ही हातांवर घेतलेलं, ओल्या चादरीतलं.

अठरा सालचा तो इन्फ्लुएन्झा. दसरा झाला आणि गल्लीत घरटी एक, दोन, चार अशी माणसं जायला लागली. ताप यायचा, तिसऱ्या दिवशी ओठ काळेनिळे पडायचे, खलास. विष्णुपंत स्वतः तापात होते, बायको सत्यवती तापात होती, पाच वर्षांचा श्रीपाद कोपऱ्यात पडून पाणी पाणी करीत होता. आणि जिला काहीच झालं नव्हतं ती जया सगळ्यांना वाटीवाटीने पाणी आणून देत होती. अर्धं सांडायचं. मग एका सकाळी ती उठली नाही. ग्वारीघाटावर लाकडं संपली होती. माणसं मढी तशीच नर्मदेत सोडून देत होती, आणि विष्णुपंतांनीही तेच केलं. कंबरभर पाण्यात उभं राहून, तापाने फणफणलेल्या अंगाने. घरी आले ते पंधरा दिवस अंथरुणावर. मृत्यूची वर्दी द्यायला कोण जातो? त्या महिन्यात कुणीच कुणाची दिली नाही. पुढे बरे झाल्यावर ते एकदा निघाले होते द्यायला, मग वाटलं, आता देऊन तरी काय. म्हणजे सरकारदरबारी जयाची एकच ओळ होती, जन्माची. ती कधी मेलीच नव्हती.

आणि ही तारीख त्यांनी उचलली ती वीस सालच्या जुलैत, श्रीपादला शाळेत घालताना. इतर बाप सरळ वाटेल ती तारीख ठोकून देतात. पोराचं वय दोन वर्षं कमी लावायचं, पुढे नोकरीला बरं पडतं, हे तर जबलपूरच्या प्रत्येक मराठी कारकुनाच्या घरी ठरूनच गेलेलं होतं, त्यात कुणाला पाप वाटत नसे. पण विष्णुपंतांच्या तोंडून मनची तारीख निघेना. रेकॉर्डचा माणूस! तारीख म्हटली की ती कुठंतरी, कुठल्यातरी रजिस्टरात असायलाच हवी. हेडमास्तरांनी टाक वर करून विचारलं, "जन्मतारीख?" आणि विष्णुपंतांनी घरातली दुसरी खरी तारीख दिली. मनात म्हणाले होते, तिला आता ती काय कामाची. एवढंच म्हणाले होते, आणि त्यांना हायसंही वाटलं होतं, की चला, आपण खोटं तर नाही बोललो. शी! आता रस्त्याच्या कडेला उभं राहून त्यांना स्वतःची शिसारी आली.

आणि पोराचं वय कमी लावायचा हा हव्यास तरी कशापायी? तर ते स्वतः याच परीक्षेला एकोणीस दिवसांनी हुकले होते म्हणून. त्यांचे वडील मोठे सत्यवचनी. पंचांग उघडून, घटका-पळं लावून त्यांनी मुलाची तारीख शाळेत लिहून दिली होती. विष्णुपंत चांगले पास होणारे होते, गोरा साहेब स्वतः म्हणाला होता, धिस मॅन शुड सिट; पण अर्ज गेला आणि परत आला, वर तांबड्या शाईने 'वय अधिक' असं लिहून. त्यानंतर तीस वर्षं रेकॉर्डच्या खोलीतली धूळ. आपल्याहून वीस वर्षांनी लहान तहसीलदार येत, "पंतजी, जरा फाइल निकालिये," म्हणत, आणि ते शिडीवर चढत. दर वर्षी इतरांचे अर्जही ते तपासत. कुणी चार दिवसांनी जास्त, कुणी एका दिवसाने. एक सिहोऱ्याकडचा कुर्मी शेतकऱ्याचा मुलगा त्यांच्या पाया पडला होता, साहेब, मास्तरांनी वय चुकीचं लिहिलं, मी खरंच लहान आहे. विष्णुपंतांनी त्याला नियम वाचून दाखवला होता. तेव्हा त्यांना आपण फार न्यायी आहोत असं वाटलं होतं.

घरी आले तेव्हा सत्यवती अंगणात गहू निवडत बसली होती. "आज इतक्या लवकर?" ती म्हणाली. मग त्यांच्या तोंडाकडे पाहून सूप बाजूला ठेवलं. त्यांनी उभ्याउभ्याच सांगितलं. सांगताना 'ती नोंद' म्हणाले, 'त्या वेळची ती गोष्ट' म्हणाले; जया हा शब्द काही त्यांच्या तोंडातून निघाला नाही. वीस वर्षांत निघाला नव्हता. बायको रडेल, ओरडेल, आपल्या अंगावर धावून येईल असं त्यांना वाटलं, आणि खरं सांगायचं तर ती आशाच होती. ती नाही म्हणाली तर प्रश्नच मिटला. आईच नाही म्हणते, मी काय करणार? श्रीपादला तसं सांगता आलं असतं. सत्यवतीने मात्र एकच विचारलं, "तुम्ही तिथं जाऊन तीच तारीख सांगितली? तुमच्या ध्यानातच नव्हतं?" "नव्हतं," ते म्हणाले. तिने गव्हातला एक खडा उचलून बाजूला टाकला. मग म्हणाली, "दर नऊ नोव्हेंबरला मी गल्लीतली एखादी पोर जेवायला बोलावते. तुम्ही त्याच पंगतीला बसता. काय वाटायचं तुम्हाला, कशाचं जेवण आहे?" विष्णुपंतांना काहीच वाटलेलं नव्हतं. बायकांची काहीतरी व्रतं असतात, एवढंच. सत्यवतीने सूप उचललं. "श्रीपादची शेवटची खेप आहे न? मग येते मी. कधी जायचं ते सांगा," ती म्हणाली आणि गहू पाखडायला लागली.

चार दिवसांनी ते दोघं टांग्यातून कचेरीत गेले. सत्यवतीने नऊवारी नेसून वर शाल घेतली होती. विष्णुपंत मनातल्या मनात हिशोब मांडत होते, पण हिशोब जुळत नव्हता. पोरगी तर गेली. ती काही परत येणार नाही. पोरगा जिवंत आहे, खाजगी शाळेत हंगामी मास्तरकी करतो, सव्विसाव्या वर्षी अजून बापाच्या घरात मान खाली घालून जेवतो. जिवंत माणसासाठी मेलेल्या माणसाची एक ओळ खोडली तर कुणाचं काय बिघडलं? कुणाचंच नाही. अगदी कुणाचंच नाही. मग छातीत हे काय दुखतंय? त्यांना असंही वाटलं की ऐन वेळी सत्यवतीचा धीर सुटेल, शपथ म्हटल्यावर बाई अडखळेल, सगळं तिथंच फुटेल, आणि आपली अब्रू जाईल, नोकरीची उरलेली दोन वर्षं जातील. आणि तरीही ते फुटावं असं त्यांना आतून वाटत होतं. कुणीतरी आपल्याला धरावं, बस. पन्नाशी उलटलेल्या माणसाला असं वाटावं याची त्यांना लाज वाटली.

मॅजिस्ट्रेट तरुण होता, पंतांना ओळखणारा. "आइये पंतजी, बैठिये," म्हणून त्याने खुर्ची दिली. हलफनामा त्याने भरभर वाचला. की मी अमुक, राहणार हनुमानताल, शपथेवर सांगतो की मला एकुलता एक मुलगा श्रीपाद, जन्म नऊ नोव्हेंबर एकोणीसशे चौदा. नोंदीत लिंगाच्या रकान्यात चुकून स्त्री असं लिहिलं गेलं. मला मुलगी कधीही झाली नाही. मसुदा विष्णुपंतांनीच केला होता, सुवाच्य, कुठं खाडाखोड नाही. त्यांनी हात वर केला, शपथ घेतली. शब्द आले. सगळे आले. मग साहेब सत्यवतीकडे वळला आणि आदराने म्हणाला, "माताजी, आपको कुल कितनी संतानें हुईं?"

"एक," सत्यवती म्हणाली.

"लड़की कोई नहीं हुई?"

"नहीं हुई." तिने साहेबाच्या डोळ्यांत पाहून सांगितलं. पापणीही हलली नाही. कागद पुढे आला तेव्हा तिने दौतीत टाक बुडवून, एक एक अक्षर जुळवत आपलं नाव लिहिलं. तिला लिहिता येतं हे पाहून साहेबाला कौतुक वाटलं, तो काहीतरी बोललाही. विष्णुपंतांना ऐकू आलं नाही. ते बायकोकडे पाहत होते आणि त्यांना तिची भीती वाटत होती. आई असून इतकं सरळ बोलली! बाहेर आल्यावर ते टांग्याची वाट पाहत लिंबाखाली उभे राहिले, तेव्हा त्यांना तिच्याविषयी राग आला, अगदी चीड आली. म्हणजे इतकी वर्षं हिच्या मनात तरी काय होतं? जेवणं घालत होती, आणि वेळ आली तेव्हा एका शब्दाने पोरीला पुसून मोकळी झाली. आपण निदान आतल्या आत जळतो तरी आहोत. असा विचार करून त्यांना थोडं बरं वाटलं, आणि घर येईपर्यंत ते तसंच बरं वाटून घेत राहिले.

शेरा मारलेला उतारा अंबादासने दुसऱ्याच दिवशी कचेरीत आणून दिला. लिंग: पुरुष, हलफनाम्यावरून दुरुस्त. संध्याकाळी श्रीपाद ओसरीवर पाट मांडून अर्ज भरायला बसला. त्याला आईबाप कचेरीत गेले होते एवढंच सांगितलेलं, पण पोरगा दूधखुळा नव्हता. उतारा त्याने एकदा वाचला, परत एकदा वाचला आणि पालथा ठेवला. त्याचं अक्षर बापासारखंच. विष्णुपंत शेजारी बसून एकेक रकाना पाहत होते, कुठं काय लिहायचं ते सांगत होते. प्रांताचा रहिवासी: होय. पदवी: बी.ए. पूर्वी शिक्षा: निरंक. सरकारी देणं: निरंक. शारीरिक व्यंग: निरंक. त्यांना कितीतरी दिवसांनी हुशारी वाटत होती. हे त्यांचं काम होतं, इथं त्यांना कोणी हरवणार नव्हतं. सत्यवती उंबऱ्यात भाजी चिरत बसली होती. दिवेलागणीला अजून अवकाश होता, गल्लीत पोरं ओरडून राहिली होती.

एका रकान्यापाशी श्रीपादचा टाक थांबला. "बाबा," तो म्हणाला, आणि मान वर केली नाही. "इथं सख्खे भाऊ-बहीण विचारून राहिले. हयात आणि मयत. काय लिहू?"

"निरंक," विष्णुपंत म्हणाले. "पुढचं बघ, चारित्र्याचे दाखले."

टाक हलला नाही. श्रीपाद आता वर पाहत होता, आणि त्याच्या डोळ्यांत काय आहे ते विष्णुपंतांना उमगायच्या आत उंबऱ्यातली विळी थांबली. सत्यवती उठली नाही. बसल्या जागेवरूनच म्हणाली, आवाज अजिबात न चढवता, "काल साहेबासमोर मी खोटं बोलली. पोरासाठी बोलली. प्रत्येक शब्द खोटा आहे हे मला माहीत होतं, तेव्हा ती माझ्या डोळ्यांसमोर उभी होती. तुम्ही आत्ता खोटं नाही बोलले. तुम्ही नुसतं उत्तर दिलं."

विष्णुपंतांनी तोंड उघडलं. काहीतरी म्हणायला हवं होतं. ते नाव तरी. त्यांनी श्वास घेतला, पण नाव आलं नाही. श्रीपादने बापाकडे आणि मग आईकडे पाहिलं. आईने विळीवर पुन्हा वांगं धरलं. "लिही रे बाबा," ती म्हणाली. "उद्याच्या टपालानं जायला पाहिजे ते." श्रीपादने टाक दौतीत बुडवला आणि त्या रकान्यात बापासारख्याच वळणदार अक्षरात निरंक असं लिहिलं.